पणजोबांचं घड्याळ

पुण्यात कुणाकडेही घराण्याचे जुने फोटो मागा, उत्तर ठरलेलं असतं : “होते हो, पेटीभर होते. पानशेतच्या पुरात गेले.” १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, हे खरंच आहे. कित्येकांचे संसार गेले, त्यांत फोटोही गेले. पण पर्वतीच्या पायऱ्यांवर उभं राहून पूर पाहिलेल्या घरांचे फोटोसुद्धा त्याच पुरात गेले. सोलापुराहून १९७२ साली पुण्यात राहायला आलेले एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत, त्यांचेही गेले. इनामाची सनद, पेशव्यांच्या हातची चिठ्ठी, लोकमान्यांच्या शेजारी आजोबा उभे असलेला फोटो, सगळं मुठेनं नेलं. मुठेनं एखाद्याच्या पूर्वजाचं कर्जखत नेल्याचं मात्र मी अजून ऐकलेलं नाही.

आमची पंचाईत अशी, की आमच्या वाड्यापर्यंत पाणी आलंच नाही. पलीकडच्या चौकात आलं आणि तिथूनच मागे फिरलं. त्यामुळे आमचा इतिहास कोरडा, शाबूत आणि माळ्यावर राहिला. गेल्या वर्षी वाडा पाडून तिथं इमारत बांधायचं ठरलं, माळा रिकामा करावा लागला आणि पत्र्याची ती मोठी ट्रंक चार जणांनी मिळून खाली उतरवली. ती उघडेपर्यंत आमच्या घराण्यात एकी होती. म्हणजे बोलचाल नव्हती, पण भांडणही नव्हतं.

वरचा थर किरकोळ वस्तूंचा होता. कुलपं नसलेल्या किल्ल्यांचा जुडगा होता. (किल्ल्या नसलेली कुलपं खाली कोनाड्यात होती. दोघांची गाठ घालून पाहिली, जमलं नाही.) म्युनिसिपालटीचा सायकलचा बिल्ला होता. रेडिओचं लायसन्स होतं. पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे, तेव्हा घरात बसून गाणी ऐकायला सरकार परवानगी द्यायचं. हे माझ्या मुलीला काही केल्या पटेना. “आणि तरी मधे जाहिराती लागायच्या?” असं तिनं विचारलं. मी विविधभारतीचा मान राखून गप्प बसलो.

एका पुरचुंडीत आजीचे आणे निघाले. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे, म्हणजे एका आण्याचे सव्वासहा. पण पाव पैशाचं नाणं नसल्यानं सुट्या आण्याला दुकानदार सहाच देत. प्रत्येक आण्यामागे पाव पैशाची ही लूट आजीला मान्य नव्हती. पूर्ण भाव मिळेपर्यंत आणे बदलायचे नाहीत, असं तिनं ठरवलं. भाव मिळाला नाही, पुढे आणे चलनातूनच गेले आणि तत्त्व तेवढं पुरचुंडीत राहिलं. या कुटुंबाची आजवरची आर्थिक धोरणं ज्याला समजून घ्यायची असतील, त्याला एवढी पुरचुंडी पुरे.

त्याखाली पत्रांचे गठ्ठे होते. ती वाचताना एक गोष्ट ध्यानात आली, की जवळजवळ चाळीस वर्षांच्या पत्रव्यवहारात आमच्याकडे कुणीही मेलेलं नाही. मुलगे होतात, मुली दाखवल्या जातात, कुणी मॅट्रिकला बसतो, म्हैस विते, सगळे सुखरूप असतात आणि मोठ्यांस साष्टांग नमस्कार व लहानांस अनेक आशीर्वाद असतात. मग ही मंडळी गेली कुठं? कारण साधं आहे. अशुभ वर्तमानाचं कार्ड घरात ठेवायचं नाही, वाचलं की फाडायचं, असा दंडक होता. कोपरा फाडलेलं कार्ड दिसलं की बायका आधीच रडायला सुरुवात करत, मजकूर मागाहून वाचला जाई. म्हणजे माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात पक्की तारीख ज्यांच्यात मिळायची, तीच पत्रं वेचून फाडलेली. इतिहासकारांनी मराठी घरांतल्या पत्रांवर विसंबताना हे लक्षात ठेवावं.

आणि सगळ्यात खाली, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडा चांदीसारख्या चकाकू लागलेला तो ग्रुप फोटो होता.

असा फोटो तुमच्याही घरात असणार. पुढे सतरंजीवर मांडी घालून पोरं बसलेली, त्यातलं एक हललेलं, म्हणून त्याला दोन नाकं. मधे खुर्च्यांवर कर्ती माणसं, प्रत्येकाचे हात स्वतःच्या गुडघ्यांवर. मागे बायका, त्यातल्या निम्म्यांचे चेहरे पुढच्याच्या पगडीनं खाल्लेले. कुणी हसत नाही. त्याचा दोष कॅमेऱ्याकडे देतात, की फार वेळ स्थिर बसावं लागे म्हणून. पण हा फोटो ज्या काळातला आहे, त्या काळात उजेडात फोटो काढायला क्षणभर पुरत असे. आमचे लोक हसत नव्हते याचं कारण एवढंच, की फोटोग्राफर पैसे घेणार होता.

फोटोच्या पाठीवर आजोबांच्या अक्षरात लिहिलंय : ‘चि. बाळची मुंज. फाल्गुन व. ५, शके १८६०.’ बाळ म्हणजे माझे वडील. पुढे बसलेला, डोक्याचा चकोट केलेला, भिक्षावळीच्या झोळीला घट्ट धरून बसलेला मुलगा. इथपर्यंत एकमत आहे.

वाद मांडीवरच्या बाळावरून पेटला. मधल्या खुर्चीवर आजोबा, त्यांच्या मांडीवर झबलं घातलेलं एक मूल. काका म्हणाले, “हा मी.” काकांचा जन्म नोव्हेंबर १९३८ चा. आत्यानं शके १८६० मध्ये ७८ मिळवले, १९३८ काढले आणि निकाल दिला : “फाल्गुन म्हणजे मार्च. मार्च १९३८ ला तू नव्हतासच. ते चुलत घरचं मूल आहे.” काका बँकेतून निवृत्त झालेत. त्यांनी सांगितलं, की शक पाडव्याला बदलतो आणि इसवी सन जानेवारीत, म्हणून पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत ७८ नव्हे, ७९ मिळवायचे असतात. म्हणजे मार्च १९३९. म्हणजे तेव्हा काका चार महिन्यांचे. म्हणजे तो मीच.

गणितात काका बरोबर होते. आत्यानं भिंग मागवलं.

“चार महिन्यांच्या पोराला दात असतात का रे, दादा?”

“कुठायत दात?”

“हे काय, खाली दोन.”

“ते फोटोवरचे डाग आहेत.”

“डाग बरोबर तोंडातच पडले?”

इथं हे नमूद करायला हवं, की आत्याचा जन्म १९४२ चा. मुंजीच्या वेळी ती या जगात नव्हती. पण त्यानं तिच्या साक्षीला काही बाध येत नाही. मी एकदा चाचरत म्हटलं, “आत्या, तू तर तेव्हा…” तर म्हणाली, “मी नसले तरी आई होती ना. आणि आईनं मला सांगितलंय. तुझ्या काकाला काय सांगितलंय विचार.” काकांना आईनं काही सांगितलेलं नव्हतं, कारण आमच्या घरात मुलग्यांना माहिती देत नाहीत, फक्त जमीन देतात.

आता भिंतीवरच्या पणजोबांकडे वळतो.

माजघरात, दाराच्या वर, पणजोबांचं मोठं चित्र होतं. बंद गळ्याचा काळा कोट, पगडी आणि कोटाच्या बटणापासून खिशापर्यंत लोंबणारी घड्याळाची सोन्याची साखळी. उजव्या खांद्यामागे एका काठीची मूठ पुसट दिसते. तिला घरात ‘मानाची काठी’ म्हणत. या एका चित्रातून आमच्या घराण्याची सगळी प्रतिष्ठा निघाली. कोटावरून ते कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते हे ठरलं, काठीवरून त्यांना दरबारी मान होता हे ठरलं आणि साखळीवरून भांडण झालं. कारण साखळी आहे म्हणजे घड्याळ होतं, आणि घड्याळ होतं म्हणजे कुणीतरी नेलं. पणजोबांना दोन मुलगे. थोरले माझे आजोबा, धाकटे नाशिकला स्थायिक झाले. आमच्या मते नाशिकला जाताना ते घड्याळ सामानातून गेलं. नाशिककरांच्या मते ते पुण्यातून बाहेर पडलंच नाही. पुढे वाटणीपत्र झालं, त्यात ‘सोन्याचे घड्याळ, साखळीसह, सापडत नाही’ अशी स्वतंत्र ओळ आहे. नाशिकच्या लग्नांत आमच्याकडून आहेर जाई, पण किती वाजले असं कुणी विचारलं की दोन्हीकडची माणसं इकडे तिकडे बघत.

मुंजीचा फोटो आणि हे चित्र शेजारी ठेवण्याची वेळ आजवर आली नव्हती, कारण एक माळ्यावर होता आणि दुसरं भिंतीवर. माझ्या मुलीनं दोन्ही मोबाइलवर घेतले, मोठे केले आणि विचारलं, “बाबा, यांचा चेहरा सेम कसा?”

चेहरा नुसता सारखा नव्हता, तोच होता. तीच किंचित कललेली मान, डाव्या भुवईवर पडलेला तोच उजेडाचा पट्टा, तीच आवळलेली जिवणी. फरक एवढाच, की मुंजीच्या फोटोत पणजोबा सोवळ्यात आहेत. उघडे. अंगावर जानवं आणि उपरणं.

तेव्हा हा सर्रास प्रकार होता. माणसाचा जिवंतपणी एकट्याचा फोटो कुणी काढून ठेवत नसे. तो खर्च कशासाठी? माणूस गेला, की तेराव्याला हार घालायला काहीतरी हवं, म्हणून घरातला एखादा ग्रुप फोटो घेऊन स्टुडिओत जायचं आणि बोट ठेवून दाखवायचं : “हे एवढे.” स्टुडिओवाला त्या डोक्याची कॉपी काढी, ती मोठी करी, मोठी केल्यावर ती पुसट दिसे, म्हणून कारागीर बारीक कुंचला नि काळी शाई घेऊन डोळे, भुवया, मिशा पक्क्या करी. डोक्याखाली काय काढायचं हा गिऱ्हाइकाच्या ऐपतीचा प्रश्न असे. शेजारच्याचा कान किंवा खांदा चुकून आत आला, तर तो खोडायचा किंवा त्याची उपरण्याची घडी करून टाकायची. महाराष्ट्रातल्या भिंतींवरचे किती पूर्वज गळ्यापासून खाली निव्वळ कुंचल्याचे आहेत, याचा शोध घ्यायचं धाडस कुणी करू नये.

तर पणजोबांना कोट मेल्यानंतर मिळाला, आणि साखळी त्या कोटाबरोबर आली. बहुधा कारागिरानं चार आणे जास्त मागितले असतील आणि आजोबांनी ते दिले असतील. त्या चार आण्यांवर दोन पिढ्या एकमेकांच्या घरी जेवल्या नाहीत.

मी हे नाशिकच्या चुलतभावाला फोन करून सांगितलं. वाटलं, निदान हसेल. तो बराच वेळ ऐकत राहिला, मग म्हणाला, “बरं, ही साखळी रंगवलेली होती, मान्य. मग खरं घड्याळ कुठंय?”

घोळ इथंच संपता. पण कारागिरीची खात्री करावी म्हणून काकांनी चित्राची चौकट उघडली आणि पणजोबांच्या मागे लक्ष्मी निघाली. कमळावर उभी, हत्तीसह, रविवर्मा प्रेसची. साडीच्या काठांवर कुणी हौशी बाईनं जरी आणि टिकल्या चिकटवलेल्या. राजा रविवर्म्यानं १८९४ साली गिरगावात छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि त्याच्या देवदेवता घराघरांत लागल्या. आमच्या घरी चौकट एकच होती. पणजोबा गेले, चौकट हवी होती, काच चांगली होती. देवीला मागे सरकवून पणजोबांना पुढे बसवलं. म्हणजे इतकी वर्षं आम्ही नमस्कार केला तो बरोबर पोचत होता, फक्त मधे पणजोबा होते. अशा जुन्या छापील चित्रांना हल्ली लिलावात बरी किंमत येते, हे मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहायला नको होतं असं बायको म्हणते. दहाव्या मिनिटाला नाशिकहून मेसेज आला : ‘चौकट आमच्या आजोबांनी आणली होती.’

ट्रंकेत एक रुमालही होता. नाक पुसायचा नव्हे, दप्तराचा. फडक्यात बांधलेले मोडी कागद. मोडीत ऱ्हस्वदीर्घाची भानगड नाही, विरामचिन्हं नाहीत, दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही. एक आडवी रेघ ओढायची आणि तिला लटकून ओळभर धावत सुटायचं. माझ्या आजोबांच्या पिढीला ती शाळेत शिकवत. आम्हाला तिच्यातलं ‘श्री’ तेवढं कळतं. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यांवरचे असलेच कागद गोळा करत, त्यातूनच मराठ्यांच्या इतिहासाची साधनं छापली गेली आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. राजवाडे आमच्या वाड्यात कधी आले नाहीत. काकांच्या मते हा त्यांच्या संशोधनातला मोठा दोष आहे. रुमालात सनद असणार याबद्दल काकांना शंका नव्हती, फक्त ती किती बिघ्यांची एवढाच प्रश्न होता.

एका मोडी वाचकांना कागद दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, दोन कागद शांतपणे वाचले आणि आमच्याकडे जरा सहानुभूतीनं पाहिलं. एक कागद फणसाच्या झाडाबद्दलचा होता : झाड कुणाच्या हद्दीत, फांद्या कुणाच्या हद्दीत, आणि पडलेला फणस कुणाचा. दुसरा कर्जरोखा. त्यात आमच्या मूळपुरुषानं गावातल्या दुसऱ्या घराण्याकडून भात उसनं घेतलंय आणि पुढच्या सुगीला दिढीनं फेडायचं कबूल केलंय. फेडल्याची पावती रुमालात नाही. ते दुसरं घराणं अजून गावात आहे, सुखी आहे, आणि त्यांच्यातला एकजण माझ्या चुलतबहिणीचा दीर आहे. दिढी दरसाल चढत गेली तर आजचा आकडा काय होईल, हे काकांनी बँकेच्या सवयीनं एका कागदावर मांडून पाहिलं आणि तो कागद लगेच फाडला. रुमाल पुन्हा बांधला गेला. आता कुणी विचारलं तर काका म्हणतात, “मोडी वाचणारे हल्ली राहिलेत कुठं?”

या सगळ्यात बायका कुठं होत्या, हे मला आत्याच्या मुलीनं विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. फोटोत त्या मागच्या रांगेत. पत्रांत त्या ‘घरातून नमस्कार’ एवढ्यात. वंशावळीत तर त्या नाहीतच, मुलगे आपोआप उगवलेत. एका काळी बाईनं परक्या पुरुषापुढे फोटोला बसणं हेच अवघड होतं. फोटोग्राफर लाला दीनदयाळांनी हैदराबादेत १८९२ साली खास स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला, तिथं फोटो काढायला इंग्रज बाई ठेवली होती. पण ती सोय निजामाच्या राज्यातल्या बड्या घरांची. आमच्या पणजीचा एकमेव फोटो म्हणजे हा मुंजीचा, आणि त्यात तिच्यापुढे कुणाची तरी पगडी आहे. तिचं सासरचं नाव माहीत, तेही श्राद्धात घेतात म्हणून. माहेरचं नाव, माहेरचं गाव कुणालाच माहीत नाही. आत्यालासुद्धा नाही, आणि हे मान्य करायला तिला एक दिवस लागला.

ते सापडलं काकूंना. ट्रंकेत नव्हे, न्हाणीघरात. वाडा रिकामा करताना भांडी निघाली. काकूंनी एक मोठं काळं पडलेलं तपेलं चिंच लावून घासायला घेतलं, तर काठाखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उमटली. जुन्या भांड्यांवर घातलेली असतात ना, तशी. पणजीचं माहेरचं नाव. तिच्या वडिलांचं नाव, आडनाव, गाव, शके. बापानं मुलीला रुखवतात दिलेलं भांडं. पुरुषांच्या नावाचे कागद वाळवीनं खाल्ले. पितळेला वाळवी लागत नाही. शंभराहून जास्त वर्षं आमच्या घरातल्या माणसांनी त्या तपेल्यातलं पाणी अंगावर घेतलं आणि कुणी वाकून पाहिलं नाही, कारण पाणी पुरुष काढत नसत आणि तपेलं घासणारीला विचारत नसत.

मग काकू एकदम गप्प झाल्या. अशी आणखी भांडी होती. घागरी, परात, दोन हंडे, चंबू, पंचपाळं. सगळ्यांवर नावं होती. स्टेनलेस स्टीलची हौस आली तेव्हा ती मोडीत देऊन त्यांच्या बदल्यात स्टीलचा डबा आणि सहा वाट्या आणल्या होत्या. काकूंनीच, सासूबाईंना विचारून. वाट्या अजून आहेत. त्यांच्यावर मशीननं काकांचं नाव घातलंय.

काकांनी तपेल्याचं वजन किती असेल असा विषय काढून पाहिला. काकूंनी त्यांच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की मूळपुरुषानं भात परत केलं असतं.

राहता राहिला कडेचा माणूस.

प्रत्येक जुन्या ग्रुप फोटोत हा असतो. अगदी उजव्या टोकाला, काळी टोपी, बारीक मिशा, काखेत छत्री. तो पुढे वाकून पणजोबांच्या खुर्चीमागे छत्रीची मूठ टेकवून उभा आहे. (मानाची काठी ती हीच.) त्याचं नाव कुणालाही सांगता येत नाही. काकांच्या मते हे पणजोबांचे धाकटे भाऊ, भांडून इंदुरास गेले ते. आत्या म्हणते, आचारी. मी दोघांचं ऐकून घेतलं आणि त्याच आठवड्यात सासुरवाडीला, साताऱ्यात, जुना अल्बम चाळताना हा माणूस समोर आला. तीच टोपी, तीच छत्री. सासऱ्यांच्या आत्याच्या लग्नात, पुन्हा उजव्या टोकाला. मी उडालोच. सासूबाईंना विचारलं, हे कोण? त्या म्हणाल्या, “मुलाकडचे असावेत. आम्हाला वाटायचं, पुण्याहून आलेत.”

आत्याला फोन केला, तर ती विजयानं म्हणाली, “मग? आचारीच. दोन्हीकडे त्यालाच बोलावला असणार.” काका म्हणाले, “इंदुरास गेला तरी जेवणावळ चुकवायचा नाही.” माझा स्वतःचा अंदाज वेगळा आहे. पुणे ते सातारा पट्ट्यातल्या कार्यांमध्ये, कोणत्याच बाजूचा नसलेला, दोन्ही बाजूंना दुसऱ्या बाजूचा वाटणारा, पोटभर जेवून फोटोत उभा राहणारा एक स्वतंत्र बुद्धीचा गृहस्थ त्या काळी होऊन गेला. तुमच्याकडच्या फोटोत उजव्या टोकाला बघून घ्या.

आमच्या पिढीचा इतिहास मात्र यातला कुठलाच वाद उभा करणार नाही, कारण तो दिसतच नाही. १९३९ चा काळा-पांढरा फोटो आजही खडखडीत आहे. बडोद्यात बनणाऱ्या आग्फा क्लिक-थ्रीनं काढलेले, एका रोलमधले बाराच्या बारा चौकोनी फोटोसुद्धा टिकलेत. बारातला प्रत्येक फोटो विचार करून काढलेला, म्हणून वडिलांचं अख्खं १९६८ साल त्या एका रोलमध्ये मावलंय. मग रंगीत फोटो आले आणि ते चिकट पानांचे, वर प्लॅस्टिकचा कागद असलेले अल्बम आले. त्या काळच्या रंगीत कागदावर हिरवा-निळा आधी उडे आणि लाल मागे राही. त्यामुळे माझ्या मुंजीत भटजी गुलाबी, मांडव गुलाबी, जिलबी गुलाबी आणि मी जांभळा आहे. एकही फोटो सुटून येत नाही. ओढला तर भटजी प्लॅस्टिकला आणि मी पुठ्ठ्याला राहतो.

म्हणून जे आहे ते तरी नीट करावं असं ठरवलं. ग्रुप फोटो स्कॅन केला, आणि पाठीवर सगळ्यांची नावं लिहायला आत्याकडे गेलो. फोटोच्या मागे शाईनं लिहू नये, ती पुढे फुटते, मऊ शिशाच्या पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहावं, असं जाणकार सांगतात. मी तशी पेन्सिल विकत घेऊन गेलो होतो. आत्या भिंग घेऊन बसली आणि डावीकडून एकेक नाव सांगू लागली. आजोबांच्या मांडीपाशी आल्यावर थांबली.

“इथं दादाचं नाव लिही.”

मी चकित होऊन वर पाहिलं. “आणि दात?”

“असू देत दात. सत्त्याऐंशी वर्षांचा झालाय, आता कुठं त्याला फोटोतून उठवू? लिही.” मग तिनं पेन्सिलीचं टोक निरखून पाहिलं. “पण दाबून लिहू नकोस हं. माझ्याजवळ खोडरबर आहे.”